चार नंबरचा खड्डा

फोन आला तेव्हा मी बेसिनमध्ये हात धूत होतो. शिरूरच्या फ्लॅटमध्ये बेसिन जेवणाच्या टेबलाला लागूनच आहे, आणि उष्ट्या ताटांकडे बघत हात धुवायची मला अजून सवय झालेली नाही. ओल्या हातानेच फोन घेतला. पुण्याची वैष्णवी होती. गेल्या हिवाळ्यात राहू गावच्या आमच्या शेतातली माती तपासायला घेऊन गेली होती ती. आधी तब्येत विचारली, मग म्हणाली, "आण्णा, एक विचारायचं होतं. चार नंबरच्या खड्ड्यापाशी तुम्ही कधी काही टाकलं होतं का? चुना, राख, असलं काही?"

मी म्हणालो, "न्हाई."

मला स्वतःला ते ऐकायच्या आत मी ते बोलून गेलो होतो. ती म्हणाली, आठवून बघा, घाई नाही. मग तिने सांगितलं की बाकीच्या सगळ्या खड्ड्यांत मेंढरांना चोळायची जुनी पावडर अजून थोडीफार आहे तशीच सापडली, आणि चार नंबरमध्ये ती जवळजवळ नाहीच. तिच्या जागी दुसऱ्याच दोन गोष्टी आल्यात. एकाच मेंढवाड्याची माती, पाऊस एकच, ऊन एकच, मग त्या एका जागी असं का, ते कळत नाही. कारण मिळालं नाही तर चार नंबरचा आकडा काढून टाकावा लागेल. उद्या तिला भांडगावला काम होतं, तिथून राहूला येऊन ती चार नंबरलाच आणखी खोल खणून बघणार होती. तुम्ही मुद्दाम शिरूरहून येऊ नका, म्हणाली, बिरदेवमामा आहेत तिथं. बिरदेव माझा चुलतभाऊ, शेत आता तोच वाट्याने करतो. मी बरं म्हणालो.

चार नंबरच्या खड्ड्यापाशी अनसा आहे. माझी बायको, अनसाबाई. ती गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली. तिची सगळी राख आणि अस्थींचं मडकं आम्ही तिथं मातीत ठेवलं आणि वर शेवगा लावला. हे वैष्णवीला माहीत नाही. आणि उद्या ती तिथं खोल खणणार.

सून सुषमा ताटं उचलत होती. कुणाचा फोन म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, सिमकार्डवाल्यांचा. ती म्हणाली, "सिमकार्डवाल्याला तुम्ही बरं म्हणता व्हय, आण्णा? म्हणून त्ये रोज करत्यात." मी हसल्यासारखं केलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मुलगा, हनुमंत, कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला होता. तो असता तर त्याला सांगितलं असतं का, तेही मला माहीत नाही. खाली स्टँडकडे जाणारा रस्ता होता, रिक्षा उभ्या होत्या, एक माणूस मोटारसायकलला किक मारत होता आणि ती चालू होत नव्हती. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. का नाही म्हणालो? लाज वाटली म्हणावं तर त्यात लाजेसारखं काही नव्हतं, गावातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. ती माती परत उकरतील म्हणून म्हणावं, तर नाही म्हटल्यामुळेच ती उकरणार होती. होय म्हणालो असतो तर थांबली असती. म्हणजे जे होऊ नये म्हणून मी खोटं बोललो, ते मी खोटं बोललो म्हणूनच होणार. हे मी परत परत मनात मांडून बघितलं आणि दर वेळी तिथेच येऊन थांबलो. खालच्या माणसाने मोटारसायकल ढकलत नेली.

वैष्णवीने तिचं काम मला हिवाळ्यातच समजावलं होतं. बांधावर बसून, हातात काडी घेऊन. आपण औषध मारतो, पावडर टाकतो, ती काही दिवसांनी संपली असं धरतो. ती संपत नाही, म्हणाली. उन्हाने, पाण्याने, मातीतल्या बारीक जिवांनी तिचं दुसरं काहीतरी होतं. त्याचं पुन्हा तिसरं. कधी ते साधं होतं, कधी पहिल्यापेक्षा वाईट. कोणत्या मातीत कशाचं काय झालं आणि किती काळाने झालं, हे देशोदेशीचे लोक एका मोठ्या डेटाबेसमध्ये लिहितात. उद्या कुणी नवं औषध काढलं तर त्याचं पुढे काय होईल, याचा अंदाज त्या जुन्या नोंदींवरून बांधता येतो. तिने काडीने मातीत एक गोल काढला, त्यातून बाण काढला, दुसरा गोल काढला. मग दोन बाण, दोन गोल. मी विचारलं, शेवटी काय होतं? ती म्हणाली, काहींचं शेवटपर्यंत माहीत आहे, बऱ्याच जणांचं नाही. तिथं बाण मध्येच थांबतो. मी त्या थांबलेल्या बाणाकडे बघत बसलो. पोरगी हुशार, बोलायला सरळ. मला काका म्हणायची, मग बिरदेवचं ऐकून आण्णा म्हणायला लागली. माणसाला काय होतं ह्या पावडरीनं, असंही मी तेव्हा विचारलं होतं. ती म्हणाली, ते दुसऱ्या लोकांकडे आहे आण्णा, आमच्याकडे फक्त माती आणि पाणी.

ती आमच्याकडे आली होती जुन्या मेंढवाड्यासाठी. राहूत, भांडगावच्या अंगाला, भीमेच्या पलीकडे, जिथं जिथं धनगरांचे वाडे बरीच वर्षं एका जागी बसले तिथली माती तिला हवी होती, कारण तिथं पावडर पडलेली. आमच्याकडे मेंढरं होती तोवर वर्षाचे काही महिने आम्ही बाहेर असायचो, कोकणच्या वाटेला, आणि पावसाच्या तोंडाला परत यायचो. परत आलो की मेंढरांच्या अंगावर गोचीड झालेले असायचे. मग पांढऱ्या पावडरीची पोती यायची. ग्यामेक्सिन म्हणायचे, आम्ही नुसती पावडर म्हणायचो. मेंढरू दोन गुडघ्यांत धरायचं, लोकर बोटांनी फाकवायची आणि मुळापर्यंत पावडर चोळायची. हे काम बायकांचं. अनसाचे हात कोपरापर्यंत पांढरे व्हायचे. पदर नाकावर बांधलेला, वर फक्त डोळे. कोकरू ओरडायला लागलं की ती त्याला म्हणायची, "गप, नवरीला हळद लावत्यात तसं लावतेय तुला." मी हसलो की मला म्हणायची, "तुमी काय हसताय, तुमालाबी लावावी म्हणते, गोचिडावानी चिकटलायसा." तीच पावडर बाजेला लावायची, ढेकणांना. धान्याच्या कणगीच्या तळाला टाकायची. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. नंतर पावडर यायची बंद झाली, मेंढरंही विकली, उसाला पाणी आलं आणि आम्ही कुठेच जायचे बंद झालो. वाड्याची जागा मात्र आम्ही उसाखाली घातली नाही. लेंड्यांनी इतकी वर्षं भरलेली ती माती, तिथं अनसा मेथी, मिरची, वांगी लावायची. तिच्यासारखी वांगी आळीत कुणाची नव्हती. ती ते बोलून दाखवायची, आणि लोकांनाही ते मान्य करावं लागायचं.

हे सगळं आता मनात एकमेकांत मिसळतं. तिच्या पोटात गाठ निघाली तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून परत पाठवलं. कशानं झालं म्हणून मी विचारलं होतं. तंबाखू खायच्या का? नाही. घरात कुणाला? नाही. मग कशानंही होऊ शकतं, म्हणाले. ते वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. वैष्णवी काडीने गोल काढायला लागली तेव्हा ते परत आलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरते आणि ती मला पुरी धरता येत नाही. पावडर अनसाच्या हातांत गेली असेल. तिथं तिचं दुसरं काही झालं असेल. मग अनसा गेली, जळाली, आणि आम्ही तिला परत त्याच मातीत ठेवली जिथं ती पावडर सांडली होती. आणि आता ही पोरगी फोनवर म्हणते की त्या जागची पावडर नाहीशी झालीय. कुणी कुणाचं काय केलं? मला वाटलं होतं मेल्यावर तरी एकदाचं ठरतं.

जागा तिनेच सांगितली होती. शेवटच्या दिवसांत ती याच शिरूरच्या फ्लॅटमध्ये होती, आतल्या खोलीत, खिडकीकडे पाय करून. एकदा दुपारी मी पेला धरून बसलो होतो, ती म्हणाली, "मला त्या नदीत सोडू नगासा. फेस असतोय तिथं." आमच्याकडे तिसऱ्या दिवशी सावडायला जातात, राख थंड करून अस्थी वेचतात आणि सगळं नदीला सोडतात. मुळा-मुठेचं पाणी आमच्या बाजूला येतं ते काळं येतं, वर जलपर्णी, बंधाऱ्याखाली पांढरा फेस उडत असतो. तिथं म्हशी बसवायलाही लोक आता मागेपुढे बघतात. मी म्हटलं, आळंदीला नेऊ. ती म्हणाली, ते लांब पडंल, वाड्याच्या जागंवर खड्डा करा, तिथली माती गोड हाय. मग म्हणाली, वर आंबा लावू नका, आंब्याला वर्षं लागत्यात. शेवगा लावा, शेवगा लगीच येतोय, सुषमाला आमटीला होतील शेंगा. माझी थोरली बहीण सोजराबाई सावडायच्या दिवशी भांडली. पाण्याबिगर जीव सुटत नसतो, म्हणाली, तिथंच घुटमळत राहील ती. मी म्हणालो, राहू दे. ट्रॉलीत पोती भरून राख आणली. खड्डा हनुमंतने आणि बिरदेवने केला. तळाला मडकं, वर राख, वर माती. सगळ्यांनी मूठ मूठ टाकली. सोजराबाईने पण टाकली, पण तोंड फिरवून.

आणि हिवाळ्यात, वैष्णवीने दोरी लावून खड्ड्यांच्या जागा आखल्या त्या दिवशी, मी चहाला दूध आणायला बिरदेवच्या घरी गेलो होतो. परत आलो तेव्हा ती शेवग्याच्या बुडाशी वाकून गिरमिट वर ओढत होती. लांब दांड्याचं लोखंडी गिरमिट, त्याच्या पोकळीत माती भरून येते. ती माती तिने पिशवीत ओतली, पिशवीवर आकडा लिहिला. मातीचा रंग बाकीच्यांपेक्षा फिका होता. मी दुधाचं भांडं हातात घेऊन उभा होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. ती हसून म्हणाली, दमलात का आण्णा. मी म्हणालो, न्हाई. जाताना मी फक्त विचारलं, ह्या पिशव्या कुठं ठेवता? ती म्हणाली, फ्रीजमध्ये, नाहीतर आतलं बदलत राहतं. तेव्हापासून पुण्यात कुठल्यातरी फ्रीजमध्ये मूठभर अनसा आहे आणि ती बदलत नाही. बाकीची शेवग्याखाली आहे, ती बदलते. मी शिरूरला आहे. रात्री झोपताना कधी एकीचा विचार येतो, कधी दुसरीचा, आणि एकीचा आला की वाटतं दुसरीकडे दुर्लक्ष झालं.

सकाळी मी सुषमाला सांगितलं की बिरदेवने उसाच्या पाण्यासाठी बोलावलंय. तिने डबा बांधून दिला. एस.टी.त खिडकीशी बसलो. न्हावऱ्याला उतरून पारगावपर्यंत दुसरी गाडी मिळाली. मी मनात वाक्यं तयार करत होतो. ताई, एक सांगायचं राहिलं. ताई, तिथं खणू नका. ताई, राख हाय तिथं. प्रत्येक वाक्यानंतर ती काय म्हणेल ते मी ठरवायचो आणि मग मला पुढचं सुचायचं नाही. न सांगताही भागलं असतं. तिथं पोचून नुसतं म्हणायचं की झाडाची मुळं तुटतील, खणू नका. मालक मी आहे. ती ऐकेल, आकडा काढून टाकेल, परत जाईल, आणि अनसा जिथं आहे तिथं राहील. हे इतकं सोपं होतं की मला बरं वाटायला हवं होतं. पुलावरून गाडी जाताना खाली भीमेचं पाणी दिसलं, सगळं हिरवं झाकलेलं, बगळे त्या हिरव्यावरून चालत होते. आकडा काढून टाकेल. तिथं काही झालंच नाही असं धरतील. पावडर बाकीच्या खड्ड्यांसारखीच होती असं लोक समजतील, तिकडे परदेशातले लोक. ते समजले काय आणि न समजले काय, मला काय करायचंय? पण ते वाक्य काही केल्या जाईना. त्या जागी काहीतरी झालंय. ते अनसामुळे झालंय. आणि ते फक्त मला माहीत आहे.

पारगावहून वडापच्या जीपमध्ये आमच्या आळीची धुरपदा भेटली. मांडीवर भाजीची पिशवी. मला जागा देत म्हणाली, "आण्णा, त्या शेवग्याच्या शेंगा झाडावरच वाळून चालल्यात. न्या की काढून."

मी म्हणालो, तू न्यायच्यास.

"नगं बया," ती म्हणाली, आणि मग तिला ते बोलल्याचं कसंतरी झालं असावं, कारण लगेच म्हणाली, "अनसावयनी आसती तर एक शेंग वाळू दिली नसती. समद्या आळीला वाटून वर आयकवलं आसतं, माज्या शेंगा खाल्ल्या म्हणून." जीपमधले दोघेतिघे हसले. मीही हसलो. खरंच होतं ते. शेंगा कुणी खात नाही. सुषमाला मी एकदा नेऊन दिल्या होत्या, तिने त्या ठेवल्या, दोन दिवसांनी दिसल्या नाहीत, मी विचारलं नाही. मी स्वतः खाऊ शकतो का हे मला ठरवता आलेलं नाही. एकदा एक तोडून चावून बघितली होती. शेवग्याचीच चव होती.

शेतात पोचलो तेव्हा मला वाटलं होतं, उशीर झाला. पण गिरमिट शेवग्याला टेकवून ठेवलेलं होतं आणि वैष्णवी खाटेवर बसून चहा पीत होती. बिरदेव तिला त्याची करडं दाखवत होता, एकेकाची आई कोण, कुठल्या बाजारातून आणली, सगळं. बिरदेव माझा चुलतभाऊ, शेत आता तोच वाट्याने करतो. तो कधी इतकं बोलत नाही. मला बघून उठला, माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "कवाधरनं बसवून ठिवलीय. म्हटलं, मालक आल्याबिगर झाडाला हात नगा लावू. दुसरा चहा झाला तिचा. मी काय बी बोललो न्हाई. तुमचं तुमी सांगा." एवढं बोलून तो करडांना घेऊन विहिरीकडे गेला. तो माझं ओझं उचलत नव्हता आणि मला एकटंही सोडत नव्हता.

वैष्णवी म्हणाली, तुम्ही कशाला आलात आण्णा, एवढ्या लांब. मी झाडापाशी गेलो. ती मागून आली. उन्हात शेवग्याची सावली अगदी पातळ पडते, जमिनीवर ठिपके नुसते. एसटीत तयार केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"ताई, हितं माजी बायको हाय," मी म्हणालो.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि दोन पावलं मागे गेली. मग वाकून बुटाचे बंद सोडायला लागली. मी म्हणालो, राहू द्या, काटे आहेत. ती तशीच एक बंद सुटलेला घेऊन उभी राहिली. मी सांगितलं. नदीला सोडलं नाही, तिनेच ही जागा सांगितली, राख किती होती, मडकं किती खोल आहे. काल फोनवर मी नाही म्हणालो तेही सांगितलं. ते का, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो.

ती म्हणाली, "मी माती घेतली तेव्हा तुम्ही इथंच होतात. दूध घेऊन."

"व्हय."

"ती पिशवी मी परत आणून देते, आण्णा. थोडी वापरली गेलीय. राहिलेली आणते."

हे मला सुचलंच नव्हतं. परत आणता येते. मी ती पिशवी डोळ्यांसमोर आणली, परत इथं ओतलेली, आणि वाटलं की मग पुण्यात काहीच राहणार नाही. मी म्हणालो, राहू द्या तिथं. मग विचारलं, काल जे म्हणालात ते राखेनं झालं का?

ती आता खाली बसली, खाटेवर नाही, मातीतच. म्हणाली, राखेमुळेच असणार. राखेत खारं असतं, सोड्यासारखं, त्यात ती पावडर तुटते. नुसत्या मातीत जे व्हायला खूप वर्षं लागतात ते राखेत लवकर होतं. आता सगळं जुळतं, म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद आला, तो तिला आवरता आला नाही, आणि मग तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं. मला त्याचा राग आला नाही. पोरीचं कोडं सुटलं होतं.

मी विचारलं, "म्हंजी चांगलं झालं का वाईट?"

म्हणाली, पावडर गेली हे खरं, ते चांगलंच. पण तिचं जे झालं त्यातलं काही पाण्याबरोबर पावडरीपेक्षा सहज जातं. हवेत उडून गेलं असेल तर प्रश्न नाही. खाली उतरलं असेल तर विहिरीत गेलं असेल. गेलं असेल असं नाही. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. मी विहिरीकडे बघितलं. बिरदेव काठावर बसून करडांना पाणी दाखवत होता. त्याच्या घरचं पिण्याचं पाणी तिथलंच. मी एवढं सांगायला इतक्या लांब आलो, सांगितलं, आणि ते ऐकून कुणीतरी मला एक गोष्ट म्हणेल असं मी धरून चाललो होतो. अनसानं माती चांगली केली, असं. ती गेली तरी तिचे हात अजून तेच काम करतायत, असं काहीतरी. आणि ही म्हणते, माहीत नाही. तिने पावडर घालवली आणि कदाचित विहिरीत दुसरं सोडलं. म्हणजे मी तिचे आभार मानायचे की बिरदेवला पाणी पिऊ नको म्हणायचं? दोन्ही एकदम कसं करायचं, ते मला कळेना. अनसा असती तर म्हणाली असती, आधी पाणी बघा, मग बडबडा.

वैष्णवीने पिशवीतून टॅब काढला आणि लिहायला लागली. लिहिताना मला वाचून दाखवत होती. जुना मेंढवाडा, काळी माती, खड्डा चार, लाकडाची राख मिसळलेली. कोणतं लाकूड, तिने विचारलं. बाभूळ, मी म्हणालो, आणि गोवऱ्या. तिने लिहिलं. राख कधी घातली, तिने विचारलं, मी महिना सांगितला. तिने तेही लिहिलं.

"निस्ती लाकडाची न्हवती ती," मी म्हणालो.

तिचं बोट थांबलं. म्हणाली, "ते लिहायचं का? नाही लिहिलं तरी नोंद चुकत नाही, आण्णा. तुम्ही म्हणाल तसं."

काल नाही म्हणताना तोंड आपोआप उघडलं होतं. आता उघडेना. लिहिलं तर अनसा तिकडे जाईल, जिथं कुणाला तिचं नावही माहीत नाही, फक्त राख म्हणून. नाही लिहिलं तर ती बाभळीची आणि गोवऱ्यांची राख होईल, आणि जे झालं ते गोवऱ्यांनी केलं असं होईल. मी झाडाच्या बुंध्याला हात लावला. त्यावर मुंगळे चढत होते.

"माणसाची लिहा," मी म्हणालो. "नाव नगं. माणसाची, एवढंच."

तिने लिहिलं आणि टॅब माझ्याकडे वळवला. इंग्रजी होतं, मला फक्त चार हा आकडा वाचता आला.

मग आम्ही विहिरीवर गेलो. बिरदेवला तिने नीट सांगितलं, घाबरवलं नाही, पण निकाल येईपर्यंत प्यायला गावातल्या टाकीचं पाणी आणा म्हणाली. बिरदेवने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "वयनीनं जाताजाताबी कामाला लावलं म्हणायचं," आणि बादली सोडली. वैष्णवीने बाटली भरली, बूच लावलं, त्यावर लिहिलं. मी विचारलं, परत कधी येणार? निकाल फोनवर कळवते, ती म्हणाली. मी म्हणालो, तसं नाही. पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी. आता हे जे झालंय त्याचं आणखी काही होईल ना, तुम्हीच म्हणालात, ते बघायला कधी येणार?

तिने बूट बांधायला मान खाली घातली. म्हणाली, प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतोय, आण्णा. पुढे मिळालं तर येईन. नाही मिळालं तर ही नोंद राहील तिथं, कुणीतरी पुढे नेईल. मी म्हणालो, कोण? तिला तरी काय माहीत असणार. वय काय तिचं.

गाडीत सामान ठेवताना तिच्या पेटीत रिकाम्या बाटल्या दिसल्या, तपकिरी काचेच्या, ओळीने उभ्या. मी म्हणालो, त्यातल्या काही ठेवून जा. कशाला, तिने विचारलं. मी म्हणालो, वर्षाला एक भरून ठेवीन विहिरीची. तुम्ही आलात तर तुम्हाला देईन, दुसरं कुणी आलं तर त्याला देईन. पाणी असं ठेवून चालत नाही, ते बदलत राहतं, हे ती मला सांगणार होती असं मला वाटलं. तिने सांगितलं नाही. चार बाटल्या काढून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, ह्या धुवायच्या नाहीत, भरल्यावर उन्हात ठेवायच्या नाहीत. मी बरं म्हणालो. ती गेल्यावर बिरदेव बाटल्यांकडे बघत म्हणाला, कुठं ठिवणार ह्या, शिरूरला का हितं? मला ते ठरवता येईना. ऊन कलल्यावर शेवटची वडाप होती, ती पारगावला जायला निघाल्याचा हॉर्न रस्त्यावरून ऐकू आला, आणि मी हातात बाटल्या घेऊन तिथेच उभा होतो.